तेच वाद्य, की दुसरे? जुन्या पेडल स्टील गिटारची ओळख

पेडल स्टील गिटार हे चार पायांवर उभे राहणारे, आडव्या तारांचे विद्युत तंतुवाद्य आहे. वादक त्याच्यासमोर बसतो. डाव्या हातातील जड, गुळगुळीत पोलादी दांडी तारांवरून सरकवून तो सुराची जागा ठरवतो आणि उजव्या हाताच्या अंगठ्यात व बोटांत नख्या चढवून तारा छेडतो. डावा पाय पेडलांवर असतो, उजवा आवाज कमीजास्त करणाऱ्या स्वतंत्र पेडलवर, आणि वाद्याखाली लटकणाऱ्या लिव्हर गुडघ्यांनी ढकलायच्या असतात. पेडल दाबले की त्याची उभी दांडी खाली ओढली जाते, वाद्याच्या पोटातला आडवा दांडा थोडा फिरतो आणि त्याला जोडलेली बारीक सळई उजव्या टोकाच्या 'चेंजर' या यंत्रातले एक बोट हलवते. तार या धातूच्या बोटावरूनच पलीकडे गेलेली असते. बोट एका बाजूला झुकले की तार ताणली जाऊन सूर चढतो, दुसऱ्या बाजूला झुकले की उतरतो. दहा तारांपैकी आठ स्थिर राहतात, दोन सरकतात, तेही झंकार चालू असताना. अमेरिकी कंट्री संगीतातला तो ओथंबलेला, एका स्वरसंगतीतून दुसरीत विरघळत जाणारा सूर या यांत्रिक करामतीतून येतो.

कोणती तार कोणत्या पेडलने किती हलावी, हे मात्र कारखान्यात कायमचे ठरत नाही. ते वादक ठरवतो, आणि पुढे मत बदलले की तोच बदलतो. सळया एका जागेवरून दुसऱ्या जागी जातात, नवी लिव्हर बसते, नको असलेले पेडल निघते. म्हणून साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे वाद्य संग्राहकाच्या हाती येते तेव्हा ते बहुधा अनेकांनी आपापल्या हाता-पायांना जुळवून घेतलेले असते. अशा वाद्याची ओळख पटवताना तीन प्रश्न एकात एक गुंतून पुढे येतात. समोरचे वाद्य अमुक साली अमुक कारागिराने घडवले तेच आहे का, हा तादात्म्याचा प्रश्न. ते ज्याच्या नावाने ओळखले जाते त्याचेच काम आहे का, हा अस्सलपणाचा प्रश्न. आणि ते घडले तेव्हा होते तसेच आहे का, हा मूळ अवस्थेचा प्रश्न. बाजारात तिन्हींना मिळून 'ओरिजिनल' असे एकच विशेषण लावले जाते, आणि बहुतेक वाद या घोटाळ्यातून निघतात. वाद्य पूर्णपणे अस्सल असूनही मूळ अवस्थेत नसणे हीच पेडल स्टीलच्या बाबतीत सर्वसाधारण स्थिती आहे.

वाद्याचा उगम हवाई बेटांवरचा. गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर धातूचा तुकडा सरकवण्याच्या पद्धतीचे श्रेय जोसेफ केकुकू याला दिले जाते. काळ १८८९ च्या आसपासचा. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताची लाट अमेरिकाभर पसरली. १९३२ मध्ये जॉर्ज बोशां याच्या कल्पनेतून उतरलेली, पुढे रिकेनबॅकर नावाने प्रसिद्ध झालेली 'फ्राइंग पॅन' ही विद्युत स्टील गिटार विक्रीला आली. अडचण एकच होती. तारांची जुळणी ठरली की तिच्यातून निघणाऱ्या स्वरसंगतीही ठरल्या, कारण दांडी सरळ असते. ती सगळ्या तारांना एकाच अंतराने वर-खाली नेते. यावर पहिला उपाय म्हणजे दोन, तीन, चार पट्ट्यांची (म्हणजे तारांच्या स्वतंत्र संचांची) गिटार, प्रत्येक पट्टीची जुळणी वेगळी. दुसरा उपाय पेडलचा.

भारतातही हवाईयन गिटार रुजली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले यांनी ती घराघरात पोहोचवली, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत मांडले. पेडलांची गरज मात्र येथे फारशी भासली नाही. एका तारेवरची मींड हे ज्या संगीताचे बलस्थान आहे त्याला दांडी पुरते. पेडल लागते ते अनेक तारांची संगती मोडून नवी जुळवण्यासाठी.

संग्राहकांना विलक्षण वाटणारी वाद्ये याच संक्रमणकाळातली आहेत, कारण तेव्हा पेडल कुठे असावेत यावरही एकमत नव्हते. गिब्सन कंपनीच्या युद्धपूर्व 'इलेक्ट्राहार्प'मध्ये पेडलांचा जुडगा डाव्या टोकाच्या पायाशी पंख्यासारखा पसरलेला असे. कंपनी कालामाझूची, महायुद्धाने उत्पादन थांबवले तोवर फारच थोडी वाद्ये बाहेर पडली होती. इंडियानापोलिसच्या हार्लिन बंधूंचे 'मल्टी-कॉर्ड' त्यामानाने स्वस्त आणि साधे, शिकाऊंच्या हाती पोहोचलेले. आजच्या वादकाला ही वाद्ये वाजवायला गैरसोयीची वाटतात. पण यांत्रिक विचाराची एखादी वाट कशी सोडून दिली गेली, हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसरे काही दाखवत नाही.

कॅलिफोर्नियातील डाउनी येथला पॉल बिग्ज्बी हा मुळात मोटारसायकलींच्या कारखान्यातला यंत्रकारागीर. त्याने १९४८ मध्ये स्टीलवादक स्पीडी वेस्टसाठी पेडलांची तीन पट्ट्यांची गिटार बनवली. ठिपकेदार 'बर्ड्‌स आय' मेपलचे लाकूड, स्वतः ओतलेले ॲल्युमिनियमचे भाग, आणि वाद्याच्या दर्शनी बाजूवर मोठ्या अक्षरांत वादकाचे नाव. प्रत्येक वाद्य एका माणसासाठी, मागणीबरहुकूम. बड आयझॅक्स या वादकाने बिग्ज्बीच्याच वाद्यावर गायक वेब पीअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात तारा वाजत असताना पेडल दाबले. १९५४ मध्ये ते गाणे कंट्री संगीताच्या यादीत अव्वल ठरले आणि देशभरातले स्टीलवादक आपापल्या गिटारींना मिळेल त्या सळया जोडू लागले. या घरगुती जोडकामाला आज संग्राहक नाक मुरडतात, हे थोडे गमतीचे आहे. वाद्याचा खरा जन्म त्या जोडकामातच झाला.

पुढे बडी एमन्स या स्टीलवादकाने आयझॅक्सच्या एका पेडलचे काम दोन पेडलांत वाटले आणि ई-नाइन जुळणीचा आजचा पाया घातला गेला. दुसरा वादक जिमी डे याने त्याच पेडलांचा क्रम उलटा लावला. म्हणून आजही वाद्य 'एमन्स' मांडणीचे की 'डे' मांडणीचे, हा ओळखीतल्या पहिल्या दोन-तीन प्रश्नांपैकी एक असतो. एमन्स आणि शॉट जॅक्सन यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेनेसीत 'शो-बड' ही कंपनी काढली. शॉट आणि बडी या दोन नावांचे ते जोडनाव. शो-बडच्या पट्टीवर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर जडवलेले असत, म्हणून ती दुरूनही ओळखू येते. तिच्या सुरुवातीच्या 'पर्मनंट' वाद्यात सुरांचे बदल सहजी हलवता येत नसत. नंतरच्या 'फिंगरटिप'मध्ये ते सोपे झाले. वादक लॉइड ग्रीनच्या पसंतीने निघालेल्या 'एलडीजी'त दोन पट्ट्यांच्या रुंद अंगावर एकच पट्टी आणि दुसरीच्या जागी हात टेकायला गादी असते. फेंडर कंपनीने १९५७ मध्ये आणलेल्या '१०००' या प्रतिमानात सळयांऐवजी कप्प्यांवरून जाणाऱ्या पोलादी केबल होत्या, आठ-आठ तारांच्या दोन पट्ट्या होत्या. '४००' मध्ये एकच पट्टी. 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स' या वाद्यवृंदाचा स्नीकी पीट क्लाइनो हे '४००' वाजवत असे. चित्रपटांतील हलत्या बाहुल्यांचे काम हा त्याचा दुसरा पेशा. झेन बेकच्या 'झेडबी' वाद्यांना रॉक गिटारवादक जेरी गार्सियामुळे कंट्रीबाहेरची कीर्ती मिळाली.

१९६३ च्या सुमारास एमन्स शो-बडमधून बाहेर पडला. नॉर्थ कॅरोलायनातील बर्लिंग्टन येथे रॉन लॅशलीसोबत त्याने उभ्या केलेल्या कंपनीचे 'पुश-पुल' वाद्य आज सर्वाधिक आदराने पाहिले जाते. यात सूर चढवायला चेंजरचे बोट ओढले जाते आणि उतरवायला ढकलले जाते. स्थिर असताना बोट वाद्याच्या अंगाशी घट्ट टेकून राहते. त्या टेकण्यामुळेच सुराला वजन येते, असे वादक मानतात. बदल बसवायला मात्र हे यंत्र किचकट. नंतरच्या 'ऑल-पुल' रचनेत चढ-उतार दोन्ही ओढूनच होतात, आणि बहुतेक उत्पादकांनी तीच सोय स्वीकारली.

आता ओळख पटवण्याच्या पुराव्याकडे. संग्राहक जे करतो त्याचे विश्लेषण न्यायदर्शनाच्या प्रमाणविचारात सापडते तितके नेमके इतरत्र क्वचितच सापडेल. डोळ्यांना दिसणारे लाकूड, लॅकरची झिलई, खुंट्यांचा प्रकार, पट्टीवरची चिन्हे हे प्रत्यक्ष. त्यावरून साल ठरवणे हे अनुमान. आणि पूर्वीच्या मालकाचे किंवा कारखान्यातल्या जुन्या कामगाराचे सांगणे हा शब्द. शब्दाला प्रमाण मानायचे तर सांगणारा आप्त हवा, म्हणजे विषय जाणणारा आणि फसवण्याचा हेतू नसलेला. वाद्याच्या बाजारात या दोन अटी एकाच माणसात जुळणे कठीण. ज्याला माहिती असते त्याला बहुधा वाद्य विकायचेही असते.

अनुमान कुठे घसरते याचे उत्तम उदाहरण म्हणजे आवाजाच्या बटणामागचा पोटेन्शियोमीटर. अमेरिकी बनावटीच्या या भागांवर छापलेल्या आकड्यांत उत्पादकाचा संकेत, साल आणि आठवडा असतो. १३७६५१२ म्हणजे सीटीएस कंपनी, १९६५ सालचा बारावा आठवडा. ३०४ ने सुरुवात झाली तर स्टॅकपोल. यावरून 'वाद्य १९६५ चे' असे म्हणणारा हेतूला साध्यापलीकडे ताणतो. भाग वाद्याच्या आधी बनतो, कधी वर्षानुवर्षे गोदामात पडून राहतो. फेंडरने १९६६ मध्ये घेतलेला पोटेन्शियोमीटरांचा मोठा साठा तीनेक वर्षे पुरला, ही संग्राहकांत सर्वज्ञात गोष्ट आहे. आकडा फार तर इतके सांगतो की वाद्याची जोडणी त्या आठवड्याआधी झाली नाही. आणि तेही एका अटीवर: भाग नंतर बदललेला नसावा. नैयायिक या अटीला उपाधी म्हणतात. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, सरपण ओले असेल तर असेल. येथे नंतर हात न लागलेले झाळकाम ही ती उपाधी. झाळाचा थेंब मूळचाच, मंद आणि धुळीने माखलेला असेल तरच आकड्याला बोलू द्यायचे. ताजा, चकचकीत झाळ दिसला की त्या आकड्याचा पुरावा म्हणून उपयोग संपला.

लाकडाच्या खालच्या बाजूची भोके हा त्याहून भरवशाचा पुरावा. धातूचे भाग निघतात, बदलतात, दुसऱ्या वाद्यात जातात. लाकडात पाडलेले भोक बुजवता येते, पण नव्हते असे करता येत नाही. लिव्हर पूर्वी कुठे होती, कंस किती वेळा हलले, कारखान्याच्या साच्याने पाडलेली भोके कोणती आणि हातयंत्राने नंतर पाडलेली कोणती, हे सगळे वाद्य उलटे केले की वाचता येते. अनुभवी संग्राहक म्हणूनच दर्शनी बाजूवर वेळ घालवत नाही. वाद्य पालथे घातलेले छायाचित्र मागितल्यावर विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर त्या टाळाटाळीचाही पुराव्यात समावेश करावा. तारांचे कंपन विद्युत संकेतात उतरवणाऱ्या पिकअपचे वेटोळे पुन्हा गुंडाळलेले असणे, चेंजरच्या बोटांवर तारांनी पाडलेल्या खाचा घासून काढलेल्या असणे, याही खुणा महत्त्वाच्या. पण त्या वाद्याच्या वापराचा इतिहास सांगतात, जन्माचा नव्हे.

जन्म ठरला तरी मूळ प्रश्न उरतोच. समजा १९६५ सालच्या शो-बडचे चेंजर १९७२ मध्ये बदलले, सळया १९८० मध्ये, पट्टी आणि खुंट्या १९९५ मध्ये, पिकअप त्यानंतर. ते तेच वाद्य का? प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाच्या निमित्ताने हाच प्रश्न नोंदवला. अथेन्सचे लोक कुजलेल्या फळ्या बदलत राहिले आणि तत्त्वज्ञ त्यावर भांडत राहिले. टॉमस हॉब्जने १६५५ मध्ये 'दे कोर्पोरे' या ग्रंथात त्याला पेच दिला. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी साठवून त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर दोन जहाजे उभी राहतील. त्यांपैकी थीसियसचे कोणते? पेडल स्टीलच्या बाजारात हॉब्जचा पेच प्रत्यक्षात घडू शकतो. काढलेले भाग पेटीत राहतात, पेटी वेगळी विकली जाते, आणि कुणी रिकामे अंग मिळवून ते भाग त्यात बसवतो. मग दोन मालक, दोन वाद्ये आणि एकाच वंशावळीवर दोन दावे.

वैशेषिकांचे उत्तर सर्वांत कठोर आहे. त्यांच्या मते अवयवी हा अवयवांहून वेगळे, अवयवांत समवायाने राहणारे द्रव्य आहे; आणि एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे वस्त्र उत्पन्न होते. 'हे तेच' ही प्रत्यभिज्ञा अशा ठिकाणी सजातीयतेवर बेतलेली असते, जसे आपण ज्योत 'तीच' म्हणतो. हे तत्त्व अक्षरशः लावले तर तारा बदलल्या की प्रत्येक वेळी वाद्य नवे. तारा वारंवार बदलणाऱ्या व्यावसायिक वादकाच्या नावावर मग शेकडो गिटारी जमा होतील. उत्तर तर्काला धरून आहे, पण संग्राहकाच्या कामाचे नाही. दुसऱ्या टोकाला बौद्ध भिक्षू नागसेन. मिलिंद राजाला त्याने दाखवून दिले की रथ चाकांत नाही, आसात नाही, जुवात नाही, त्यांच्या समूहातही नाही. 'रथ' ही भागांवर आधारून केलेली व्यवहारातली संज्ञा आहे. हे मान्य केल्यास थीसियसचा पेच सुटत नाही, पण त्याची धार जाते: 'तेच का?' या प्रश्नामागे शोधायला कोणतेही लपलेले सत्त्व नसते, व्यवहाराचा नियम तेवढा असतो. तो नियम कोणता असावा, हे मात्र नागसेन सांगत नाही. त्याला ते सांगायचेही नव्हते.

जॉन लॉकने १६९४ च्या आवृत्तीत आपल्या मानवी आकलनावरील निबंधात तादात्म्याचे प्रकरण नव्याने घातले. त्यात तो धातूचा गोळा आणि सजीव यांत फरक करतो. गोळ्याचे तादात्म्य कणांवर अवलंबून. ओकच्या झाडाचे मात्र कण बदलले तरी एका जीवनक्रमात चालू राहणाऱ्या रचनेवर. घड्याळाला तो प्राण्याच्या देहाजवळ नेतो: भाग दुरुस्त होत राहिले तरी रचना एका उद्देशाने चालते, फरक इतकाच की यंत्राची गती बाहेरून येते. पेडल स्टीलला हे वर्णन चपखल बसते. त्याची गती वादकाच्या हात-पाय-गुडघ्यांतून येते आणि भाग एका हेतूने बांधलेले असतात. पण एक अडचण लॉकच्या घड्याळाला नव्हती. घड्याळाची रचना दुरुस्तीत तीच राहते. पेडल स्टीलची रचनाच बदलण्यासाठी असते. सहा पेडलांचे वाद्य आठ पेडलांचे झाले, दोन लिव्हरींचे पाच लिव्हरींचे झाले, तर भागही बदलले आणि रचनाही. मग टिकले काय? टिकली ती बदलांची अखंड साखळी, ज्यात प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्यावर उभा आहे आणि ज्याचा मागोवा घेता येतो. या निकषावर हॉब्जच्या दोन वाद्यांपैकी पेटीतल्या भागांचे वाद्य मागे पडते. त्याच्याकडे जुने द्रव्य आहे, पण वाद्य म्हणून त्याचे चालणे मध्येच तुटलेले आहे. संग्राहकांची रूढीही साधारण याच बाजूची आहे. लाकडी अंग आणि त्यावरचा क्रमांक जिथे, तिथे वाद्य. चेंजर आणि सळया दुसरीकडून आल्या तर तसे लिहावे, पण नाव अंगाचे.

अस्सलपणाचा प्रश्न यापेक्षा वेगळ्या जातीचा आहे, आणि त्यासाठी तत्त्वज्ञ नेल्सन गुडमनने १९६८ मध्ये केलेला भेद उपयोगी पडतो. काही कलाकृतींत निर्मितीचा इतिहासच अस्सलपणा ठरवतो. चित्राची कितीही हुबेहूब नक्कल नक्कलच राहते. काहींत तसे नसते. संगीतरचनेची अचूक स्वरलिपी कुणीही उतरवली तरी ती तीच रचना. पेडल स्टील दोन्ही घरांत राहते. पुश-पुल यंत्रणा ही कल्पना म्हणून मापे घेऊन कुणालाही पुन्हा बांधता येते, आणि चांगली बांधली तर तिला बनावट म्हणण्याचे कारण नाही. बर्लिंग्टनच्या कारखान्यातून बाहेर पडलेले वाद्य मात्र चित्रासारखे आहे. ज्याला सूर हवा त्याला नवी प्रतिकृती पुरावी; ज्याला ती वस्तू हवी त्याला पुरणार नाही. दोघेही स्वतःला संग्राहक म्हणवतात.

वस्तूच का हवी, येथे प्रश्न धर्माच्या प्रांतात शिरतो. पेडल स्टीलला त्याची स्वतःची उपासनेची परंपरा आहे. मेरी मॅग्डालेना ल्युइस टेट या कृष्णवर्णीय धर्मप्रचारिकेने १९०३ मध्ये सुरू केलेल्या कार्यातून 'हाउस ऑफ गॉड' हा पेंटेकोस्टल-होलिनेस संप्रदाय उभा राहिला. टेट यांच्या निधनानंतर त्याच्या शाखा झाल्या. त्यांतल्या कीथ आणि ज्युएल या शाखांत १९३० च्या दशकाअखेरीस ट्रोमन आणि विली ईसन या भावांनी स्टील गिटार उपासनेत आणली, आणि इतर चर्चमध्ये ऑर्गन जे काम करतो ते काम येथे स्टील करू लागली. आधी मांडीवरची गिटार होती. पुढे चक कॅम्बेलसारख्या वादकांनी पेडल स्टील आणले. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रॉबर्ट स्टोन यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह आरहूली कंपनीने १९९७ मध्ये 'सेक्रेड स्टील' या नावाने काढला, तोवर ही परंपरा चर्चच्या भिंतींबाहेर जवळजवळ अज्ञात होती. होलिनेस विचारात पावित्र्य वस्तूत साठत नाही. पवित्र आत्म्याचा संचार होतो तो माणसांत, उपासनेच्या प्रसंगी. वाद्य त्या संचाराचे साधन. उद्या अधिक चांगले वाद्य मिळाले तर जुने बाजूला ठेवण्यात धर्महानी नाही.

कॅथलिक परंपरेतील पवित्र अवशेषांचा विचार याच्या अगदी उलट आहे. संताच्या देहाचा अंश पहिल्या श्रेणीचा, त्याने वापरलेली वस्तू दुसऱ्या, आणि अशा अवशेषाला स्पर्श झालेली वस्तू तिसऱ्या. येथे स्पर्शाची ऐतिहासिक साखळी सिद्ध होणे हेच सर्व काही, आणि बनावट अवशेष निरुपयोगी. नामवंत वादकाच्या मालकीच्या वाद्याला तशाच दुसऱ्या वाद्याच्या कितीतरी पट किंमत देणारा संग्राहक, त्याला ठाऊक असो वा नसो, दुसऱ्या श्रेणीचा अवशेष विकत घेत असतो. सुरात फरक पडत नाही हे त्यालाही कळते. त्याच्या श्रद्धेला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण योग्य नाही. एखाद्या वस्तूने एखाद्या घटनेत भाग घेतला होता हे त्या वस्तूविषयीचे खरे विधान असते, जरी ते कोणत्याही उपकरणाने मोजता आले नाही तरी.

तिसरी शक्यता पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवरात दिसते. अधिक आषाढ येतो अशा ठरावीक वर्षी, अलीकडे १९९६ आणि २०१५ मध्ये, लाकडी मूर्ती पूर्ण नव्याने घडवल्या जातात. जुन्यांतील ब्रह्मपदार्थ नव्यांत ठेवला जातो, जुन्या मूर्तींना समाधी दिली जाते, आणि देव तोच राहतो. द्रव्य गेले, स्पर्शाची साखळी एका गाभ्यापुरती उरली, आणि तादात्म्य विधीने वाहून नेले. पेडल स्टीलच्या पुनर्बांधणीत क्रमांकाची पट्टी किंवा चेंजर जपून बाकी सर्व नवे करणारे कारागीर नकळत याच तर्काने वागतात. फरक असा की मंदिरात कोणता गाभा आणि कोणाच्या हातून, हे परंपरेने ठरलेले आहे. वाद्याच्या बाजारात ते जो तो आपल्या सोयीने ठरवतो. एका अंगाचा क्रमांक दुसऱ्या अंगावर लावणे हा विधी नव्हे, लबाडी आहे.

राहता राहिला संग्रहाचा प्रश्न. जैनांच्या महाव्रतांत आणि योगाच्या यमांत अपरिग्रह येतो, आणि वीस गिटारी खोलीत रचणाऱ्याला तो अडचणीत आणतो. बचाव नेहमीचाच: वस्तू नष्ट होऊ नये म्हणून सांभाळली. पेडल स्टीलच्या बाबतीत हा बचाव अर्धाच टिकतो. न वाजवलेल्या वाद्यात वंगण घट्ट होते, चेंजरची बोटे चिकटतात, निकेलचा मुलामा असलेले भाग गंजतात. वाजवलेल्या वाद्यात बोटांवर तारा खाचा पाडतात, त्या घासताना धातू कमी होतो, धुरे सैल होतात. दोन्ही मार्गांनी झीज आहेच. फरक इतकाच की वाजत्या वाद्यातली झीज वादकाच्या कानाला लगेच जाणवते आणि बंद पेटीतली वर्षांनी उघडकीला येते. एखादे युद्धपूर्व इलेक्ट्राहार्प, ज्याचे सुटे भाग कुठेच मिळत नाहीत, ते वाजवू नये हे पटण्यासारखे आहे. १९७० च्या दशकातल्या शो-बडला तोच न्याय लावण्याचे कारण नाही. ती विपुल बनली, तिचे भाग आजही कारागीर घडवतात, आणि सळया हलवण्यासाठीच तिची रचना आहे.

जतनशास्त्रात मान्य असलेला नियम म्हणजे हस्तक्षेप पूर्ववत करता येईल असा असावा. पेडल स्टीलला हा नियम लावताना लाकूड आणि धातू यांत फरक करावा लागतो. सळई, लिव्हर, पेडल यांची जागा बदलणे पूर्ववत होते. लाकडाला नवे भोक पाडणे, लॅकर खरवडणे, बोटे घासणे होत नाही. म्हणून नवी लिव्हर बसवताना उपलब्ध भोकांत बसणारा कंस बनवून घ्यावा, नवे भोक पाडू नये. काढलेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, तारखेची चिठ्ठी जोडून वाद्याच्या पेटीतच ठेवावा आणि पेटी वाद्यापासून वेगळी विकू नये. काम सुरू करण्याआधी वाद्य पालथे घालून त्याच्या पोटाचे छायाचित्र घ्यावे, प्रत्येक तारेचा चढ-उतार आणि कोणते पेडल तो करते हे कागदावर उतरवावे, पोटेन्शियोमीटरचा आकडा आणि झाळाची स्थिती लिहावी. विकताना 'ओरिजिनल' हा शब्द टाळून अंग कोणत्या सालचे, चेंजर कोणाचे, पिकअप कधी गुंडाळला, लिव्हर कोणी वाढवल्या, हे ओळीने सांगावे. खरेदी करणाऱ्याला अंदाजाने ठरवलेले साल अंदाज म्हणूनच सांगावे, आणि ते कोणत्या पुराव्यावर ठरवले तेही.